डाव्या पंखाची पिसं

"बाबा, दादाचे बाण मी मारले तर चालतील?"

प्रश्न एकदाचा तोंडातून सुटला आणि भोंगीने घाईघाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. भोंगी हे नाव दादाने ठेवलेलं. ही शाळेतून आली की तळमजल्यापासूनच कळायचं, म्हणून.

विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. "अख्ख्या शाळेपुढे भाषण ठोकतेस," उंच मानेची जिराफ म्हणाली होती, "पण घरी दादाचा विषय निघाला की तुझी बोबडी वळते." आणि टिचकी म्हणाली होती, "विचारलंस ना, तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन. आईशप्पथ!"

दप्तराचं एक ठीक होतं. पण दादाला जाऊन आठ महिने झाले होते. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला, तो परत घरी आलाच नाही; नवव्या दिवशी सगळं संपलं. तेव्हापासून या घरात त्याचं नाव जपून ठेवल्यासारखं झालं होतं, पाहुण्यांसाठीच्या कपबशांसारखं. कोणी बाहेर काढायचं नाही.

आईचा हात ताटावर थबकला. बाबा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर. बोलण्याआधी माप घ्यायची सवय.

"मोडला तर? गवतात हरवला तर?"

"परत आणीन ना! रविवारी शाळांची स्पर्धा आहे, बाबा. सरांनी लाकडी धनुष्याच्या गटात माझं नाव घातलंय."

दादाने एका लाकडातून बारा दांडे घासून काढले होते. सहा बाण पुरे झालेले. ते बाबांच्या कपाटात, मलमलीत गुंडाळून. उरलेले सहा पिसांवाचून राहिलेले.

"पुरे झालेत त्यांना हात लावायचा नाही," शेवटी बाबा म्हणाले. "बाकीच्या सहांना पिसं लाव आणि ते मार."

भोंगीला एवढं पुष्कळ झालं. सकाळी उठल्या उठल्या तिने माळ्यावरून कापडी पिशवी काढली. आत दादाने रंगवलेली टर्कीची पिसं. कोंबड्या-टर्की पाळणाऱ्या मावशींकडून तो ती पोतंभर आणायचा, साबणाने धुवायचा, मग कोमट पाण्यात रंग आणि व्हिनेगर घालून बुडवायचा आणि वर्तमानपत्रावर वाळत घालायचा. बोटं दहा दिवस निळी. शाळेत त्याला शाईची दौत म्हणायचे. पिसं निळी, आणि सहाच नारिंगी. प्रत्येक बाणाला दोन निळी, एक नारिंगी. नारिंगी पीस धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे घाईतही बाण उलटा लागत नाही.

पहिल्या बाणासाठी तिने पिसं कापली, कपड्यांच्या चिमट्यांनी दाबून चिकटवली, टोकांना बाबांच्या रिळाचा दोरा गुंडाळला. झकास! दादा असता तर म्हणाला असता, भोंगे, तुझ्या हातांनाही तोंडाइतकीच अक्कल आहे की.

दुपारी मैदानावर तिने तोच बाण सोडला. बाण निघाला आणि हवेतच शेपूट हलवत, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात भिंतीजवळ पडला.

"हा बाण आहे की रिक्षा?" जिराफ फिदीफिदी हसली. मग तिला आठवलं बाण कोणाचा ते, आणि तिने जीभ चावली.

सरांनी बाण उचलून डोळ्यांजवळ धरला. "एका बाणावर दोन पंखांची पिसं? डाव्या पंखाचं पीस एकीकडे वळतं, उजव्याचं दुसरीकडे. तिन्ही एकाच पंखाची लागतात. दोन्ही लावलीस तर ती आपसात भांडतात, बाण बिचारा जाणार कुठे? तुझ्या भावाचं असं कधीच झालं नसतं गं."

ते शेवटचं वाक्य भोंगीला असं लागलं की ती तशीच घरी निघून आली. ब्लेडने तिने पिसं खरवडून काढली. नारिंगी पीस मधोमध फाटलं.

मग तिला आठवलं. डबे! दादाचे दोन डबे होते. एकावर खाली खिळ्याने "डा" कोरलेलं, दुसऱ्यावर "उ".

ते स्वयंपाकघरात सापडले. एकात साखर, एकात चहा. साखरेचा डबा डोक्याच्या वर धरून ती तळ वाचत होती, तेवढ्यात आई आली.

"सांडशील, अगं! काय बघतेस?"

"काही नाही."

पण भोंगीला खोटं कुठे जमतंय! आईने तिच्या हातातल्या डब्याचा तळ पाहिला, तिच्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या कापडी पिशवीकडे.

"तो गेल्यावर मी आवराआवर केली," आई हळूच म्हणाली. "दोन्हींत सारखीच पिसं दिसली. म्हटलं, एकाच पिशवीत राहतील, धूळ लागणार नाही." ती स्टुलावर बसली. "तो तासन् तास निवडत बसायचा. मी ओरडायचे, अभ्यास कर म्हणून. आणि त्याने निवडलेलं सगळं मीच कालवून टाकलं."

"आई, मी पण एक नारिंगी फाडलं आज."

आईला हसायचं होतं बहुतेक. पण तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मग इतके महिने नुसतं "मी ठीक आहे" म्हणणारी आई उठून भोंगीच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली. भोंगीला काय करावं कळेना. ती फक्त उभी राहिली, साखरेच्या डब्यासकट.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि मायलेकी पिसं निवडत होत्या. टोक वर धरायचं, चकचकीत बाजू आपल्याकडे, आणि बघायचं कुठे वळतंय.

बाबांनी बूटही काढले नाहीत. खुर्ची ओढली. "पिशवीत सगळी मिसळलेली पाहिली होती मी," ते आईकडे न बघता म्हणाले. "तुला सांगायचा धीर नाही झाला."

आईने मूठभर पिसं त्यांच्यापुढे सरकवली.

बोलता बोलता दादाचं नाव निघालं. पहिल्यांदा चुकून, मग मुद्दाम. तो निळ्या बोटांनी लग्नाला कसा गेला, बाण हरवला की "गेला फिरायला!" म्हणून कसा हसायचा. आई हसली, मग थांबली, आणि पुन्हा पिसं निवडू लागली.

डाव्या पंखाची निळी पिसं पुरेशी निघाली. नारिंगी पाचच.

"सहाव्याला तिन्ही निळी लाव," बाबा म्हणाले. "पेनाने खूण कर एकावर. चालेल."

चालेल, हे भोंगीलाही माहीत होतं. तिने कपाटाकडे पाहिलं. आत सहा बाण होते, तयार, आठ महिने मलमलीत झोपलेले. त्यांतला एकही कधी उडाला नव्हता. दादाने ते उडायलाच तर केले होते.

ती उठली, कपाट उघडलं, मलमल सोडली आणि एक बाण उचलला. आवाज नेहमीसारखाच, तळमजल्यापर्यंत जाणारा.

"आई, बाबा, ऐका. पाच बाण मी पुरे करीन. पण रविवारी सहावा हाच असेल. दादाने स्वतः केलेला. तो मी परत आणीनच असं वचन या वेळी देणार नाही. मोडला तर मोडला. आणि गवतात गेला तर शोधत बसायचं नाही. आपण तिघांनी म्हणायचं, गेला फिरायला."