नंबर होता, तरी रिकामा

भवानीबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तपासणीला आल्या त्या बऱ्याच उशिरा, लालभडक डोळा घेऊन. तारखेचा मेसेज आलाच नाही, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी औषध घातलं, डोळा वाचला. पण अंबुजाला ते बोलणं टोचलं. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या त्या लहानशा नेत्रालयात मेसेज पाठवणारी यंत्रणा तिनेच बसवली होती. पेशंटची नोंद पहिल्यांदा सेव्ह झाली की मेसेजची तयारी आपोआप व्हायची.

तिने कॉम्प्युटरवर पाहिलं. मेसेज अडला होता. कारण दिलं होतं, मोबाइल नंबरचा रकाना रिकामा. नोंद उघडली तर नंबर डोळ्यांसमोर.

मॅनेजर गुंडेराव मागे येऊन उभे राहिले. "हौदु, खरंच, नंबर आहे की ग. मग रिकामा कसा म्हणतंय?"

"तेच बघायचंय मला," अंबुजा म्हणाली.

रकान्याचं नाव चुकलं असेल असं वाटलं, पण ते बरोबर होतं. तिने तीच नोंद पुन्हा चालवली, तर मेसेज निमूट गेला. ती आणखीच बुचकळ्यात पडली. मग तिने अडलेले सगळे मेसेज एकत्र काढले. बहुतेक नेत्रालय खेड्याकडे, एच. डी. कोटेला, भरवायचं त्या शिबिरातले निघाले. म्हैसूरचे जवळजवळ नव्हतेच.

पुढच्या शिबिराला ती बस धरून गेली आणि तिथे नोंदी घेणाऱ्या नर्स वरलक्ष्मीच्या शेजारी जाऊन बसली. एका आजोबांनी नाव-गाव सांगितलं. वरलक्ष्मीने तेवढंच लिहून लगेच सेव्ह केलं, कारण तिथली रेंज केव्हाही जायची आणि लिहिलेलं पुसलं जायचं. आजोबांना स्वतःचा नंबर ठाऊक नव्हता. तिने त्यांना फाटकापाशी, जिथे रेंज बरी मिळायची तिथे, जाऊन मिस्ड कॉल द्यायला सांगितलं. आजोबा रमतगमत गेले. बऱ्याच वेळाने तिचा फोन वाजला, तेव्हा कुठे तिने नोंद उघडून नंबर भरला.

अंबुजाला हसू आलं. पहिल्यांदा सेव्ह होताच यंत्रणा धावत होती, आणि त्या क्षणी रकाना खरंच रिकामा होता. म्हैसुरात लोक नंबर पाठ सांगत, म्हणून तिथे काही अडत नव्हतं.

"माझं चुकतंय का?" वरलक्ष्मीने कन्नडात विचारलं.

"नाही हो. तुम्ही असंच करा. यंत्रणेला थांबायला मी शिकवते."

परत येऊन तिने नंबर भरल्यावरच यंत्रणा सुरू होईल अशी सोय केली आणि अडलेले मेसेज पुन्हा सोडले. दुपारपासून फोन येऊ लागले. लोक वेळ विचारत होते. एकच नाव तसंच राहिलं, महादेवराव. त्यांच्याकडे फोनच नव्हता. हा रकाना आता कितीही थांबलं तरी भरणार नव्हता, हे अंबुजाला आधी सुचलंच नव्हतं. तिने आणखी एक वाट जोडली: संध्याकाळपर्यंत नंबर आला नाही, तर मेसेज नर्सला जावा.

वरलक्ष्मीने त्यांच्या गावातल्या हॉटेलवाल्याकडून निरोप धाडला. सोमवारी महादेवराव नेत्रालयाच्या दारात उभे होते, आपल्याला कोणी बोलावलं म्हणून विचारत.