सतरा नंबरची होडी आणि एकशे चाळीस खिळे

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पण आधीच सांगून ठेवते, मासे धरणारी नव्हे आणि वाळू वाहणारी तर मुळीच नव्हे. मी शर्यतीची होडी! दोन माणसं, एक शीड, एक सुकाणू आणि अंगात भरपूर रग, एवढाच माझा संसार. शिडावर माझा आकडा रंगवलेला होता, सतरा. तलावावर सगळे मला ‘सतरा नंबर’ म्हणूनच ओळखत. बोलताना माझ्या तोंडून थोडी बढाई निघाली तर सांभाळून घ्या. चांगले दिवस पाहिलेत मी.

मला एका सुताराने घडवलं. पोटासाठी तो खुर्च्या आणि पलंग करायचा, होड्या हे त्याचं वेड होतं. छपरावर कौलं चढवतात तशा त्याने माझ्या पातळ फळ्या एकीच्या काठावर दुसरी अशा चढवल्या आणि तांब्याच्या खिळ्यांनी पक्क्या केल्या. शेवटचा वार्निशचा हात फिरवून तो लांब जाऊन उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, “दृष्ट लागण्यासारखी झालीय गं!” ते ऐकून मी जी फुशारले, ती आजतागायत.

मला विकत घेतलं छापखान्यात काम करणाऱ्या एका बाबांनी, आपल्या दोन मुलींसाठी. थोरली अठरा वर्षांची, धाकटी चौदाची. घरी आणल्याआणल्या बाबांनी बजावलं, “भांडलात तर होडी परत करीन.” दोघी त्याच दिवशी भांडल्या, कोण कुठे बसणार यावरून. शेवटी असं ठरलं की ताई पुढे बसून शीड सांभाळणार आणि कधी वळायचं ते ओरडून सांगणार. धाकटी मागे बसून सुकाणू धरणार. आठ वर्षं त्या तशाच बसल्या. ताई ओरडायची, “वळव!” आणि तिचा शब्द हवेत विरायच्या आत मी वळलेली असायचे. आम्ही किती शर्यती जिंकलो ते मी सांगणार नाही. बोटक्लबच्या भिंतीवर आमचे सहा फोटो होते, एवढंच सांगते.

आता ज्याची मला आजही लाज वाटते ते सांगते. त्या दिवशी वारा जोराचा होता. आमच्या डाव्या अंगाला दुसरी होडी अगदी चिकटून चालली होती. समोर पिवळं पिंप तरंगत होतं, तिथून वळायचं आणि पलीकडे दगडी धक्का. ताई ओरडली, “वळव!” मी तिच्या पायाखाली होते, मी स्वच्छ ऐकलं. धाकटीनेही ऐकलं. पण सुकाणू हललं नाही. अजून थोडं पुढे गेलो तर ती दुसरी होडी मागे पडेल, असं तिच्या मनाने घेतलं. शिवाय प्रत्येक वेळी ताईनेच का सांगायचं, हेही होतंच. मग व्हायचं तेच झालं. मी धक्क्यावर आपटले. माझ्या तीन फळ्या फुटल्या आणि काठ धरलेल्या ताईच्या डाव्या हाताचं मनगट माझ्या आणि दगडाच्या मध्ये सापडलं.

पायऱ्यांवर सगळा क्लब जमला. ताई कळवळत म्हणाली, “मी ओरडले होते, हिने वळवलं नाही.” आणि भेदरलेली धाकटी सगळ्यांसमोर बोलून गेली, “तू ओरडलीच नाहीस!”

तीन शब्द, मित्रांनो. ते बोलायला तिला एक क्षणसुद्धा लागला नाही. लोकांना धाकटीचं खरं वाटलं. ती दोघींतली लहान होती, रडत होती. थोरली आपली चूक लहान बहिणीच्या माथी मारते, असं लोक म्हणू लागले. पुढे बाबा गेले, तेही हेच मनात धरून. दोघी बहिणींचं बोलणं तुटलं. एकाच गावात राहत असूनही त्या रस्त्यात एकमेकींना पाहून दुसऱ्या बाजूला जायच्या. त्या दिवसातलं खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे?

ताई पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची. तिच्या शिवणखोलीमागच्या शेडमध्ये मी अकरा वर्षं पडून राहिले. माझ्यावर रंगाचे रिकामे डबे आले, मोडकी शिडी आली, चिंध्यांची पोती आली. मांजरीने माझ्यात दोनदा पिल्लं दिली. तेवढेच काय ते माझे प्रवासी! लाकूड वाळत गेलं, फळ्यांमध्ये फटी पडल्या. ज्या अंगावरून पाणी सरसर जायचं, त्यावर आता नुसती धूळ. मला रडू येत असे, पण कोरड्या लाकडाला तेही जमत नाही.

मग ताईला शेड मोकळी करून द्यावी लागली आणि मला बघायला एक रोपवाटिकावाला आला. मला वरून खालून न्याहाळून म्हणाला, “छान आहे. हिच्यात माती भरतो आणि झेंडू लावतो.” झेंडू! सतरा नंबरमध्ये! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण दैव बघा, तोच माणूस दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात गेला आणि तिथेही या झेंडूच्या बेताचं कौतुक सांगत बसला. ते दुकान धाकटीच्या नवऱ्याचं. संध्याकाळच्या आत चष्मेवाले टेम्पो घेऊन शेडपाशी हजर. ताईने दार उघडून दिलं आणि शिवणयंत्रापाशी जाऊन बसली. मला नेताना तिने वर पाहिलं नाही, पण तिचं यंत्रही चालत नव्हतं.

धाकटीने मला घराच्या पुढच्या खोलीत घोड्यांवर चढवलं. माणसांच्या नव्हे हं, सुताराच्या लाकडी घोड्यांवर. जेवणाचं टेबल बाल्कनीत गेलं. चष्मेवाले स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने जेवू लागले आणि म्हणू लागले, “या घरात आता होडी राहते. आम्ही आपले पाहुणे.” धाकटीने पत्र्याच्या तुकड्याने माझं जुनं वार्निश इंच इंच खरवडलं. लांब नळीत वाफ धरून तीन नव्या फळ्या मऊ केल्या, वाकवल्या आणि शिकंज्यांनी माझ्या अंगाला बसवल्या. तिचा हात इतका हळुवार होता की मी तिच्यावरचा राग जवळजवळ विसरले. जवळजवळ.

घोडं अडलं ते खिळ्यांपाशी. या फळ्यांना एकशे चाळीस खिळे लागणार होते आणि असा खिळा एकट्याने बसत नाही. एकाने बाहेरून खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. दुसऱ्याने आत बसून खिळ्याच्या टोकावर तांब्याची चकती चढवायची आणि ते टोक ठोकून गोल करायचं. मध्ये फळी, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. हाताला कळतं तेवढंच. ठोकळा जरा सरकला की खिळा वाकलाच.

चष्मेवाल्यांनी मनापासून प्रयत्न केला. पण चष्म्याचे बारीक स्क्रू बसवणारा तो हात. हातोडीचा आवाज झाला की ते दचकायचे आणि ठोकळा सरकायचा. तेवीस खिळे वाकले. चोविसाव्याला ते उठले आणि म्हणाले, “हे माझं काम नाही. लहानपणी त्या सुताराकडे तू हे कुणाबरोबर शिकलीस, ते तुला माहीत आहे.”

“ती यायची नाही.”

“विचारून तरी बघ.”

तीन दिवस धाकटी फोनभोवती घुटमळत होती. चौथ्या दिवशी तिने फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाली, “ताई, लोखंड धरायला येशील?”

 पलीकडून प्रश्न आला, “किती खिळे आहेत?”

“एकशे चाळीस.”

“रविवारी येते.”

ताई आली. चहा नको म्हणाली, पदर खोचला आणि माझ्या बाहेरच्या बाजूला पाटावर बसली. धाकटी माझ्या पोटात ओणवी झाली. ताईने ठोकळा लावून दोनदा टकटक केलं, म्हणजे ‘मी तयार आहे’. धाकटीने ठोकलं आणि एकदा टक केलं, म्हणजे ‘झालं, पुढचा’. दिवसभर तेवढंच संभाषण. पन्नास खिळे बसले, एकही वाकला नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारी ठोकळा थरथरू लागला. ते आधी मला कळलं, मग धाकटीला.

“मनगट दुखतंय का?” तिने आतून विचारलं.

“खिळा मार.”

तिसऱ्या रविवारी पाच खिळे उरले. धाकटीने हातोडी उचलली, पण ठोकली नाही. माझ्या फळीला कपाळ टेकून ती म्हणाली, “ताई, तू ओरडली होतीस. मी ऐकलं होतं.”

ठोकळा माझ्या अंगावरून दूर झाला.

“काय म्हणालीस?”

“मी ऐकलं होतं, ताई. मुद्दाम वळवलं नाही. आणि मग घाबरून खोटं बोलले.”

“आणि अकरा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?” ताई उठली. तिने पर्स घेतली, चपला घातल्या आणि दार उघडलं. चहाचे कप घेऊन आलेले चष्मेवाले आहेत तिथेच थिजले. मित्रांनो, धक्क्यावर आपटतानासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

दारातच ताई थांबली. वळून पाहिलं नाही, पण बोलू लागली. “मनगटाचं मला काही वाटलं नाही गं. हाड आहे, मोडायचंच. लोक खोटारडी म्हणाले, तेही सोसलं. पण पुढेपुढे मलाच वाटायला लागलं, की मी खरंच ओरडले नसेन. बाबांनी विचारलं तेव्हा मी त्यांना म्हणाले, ‘आठवत नाही.’ माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. तो तू घालवलास.”

धाकटी माझ्यातून धडपडत बाहेर आली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. “काय करू सांग. म्हणशील ते करते.”

“जिथे खोटं बोललीस, तिथे खरं बोल,” ताई म्हणाली. मग तिने डोळे पुसले, चपला काढल्या आणि पाटावर येऊन बसली. “चल. पाच राहिलेत.”

महिनाभराने मला तलावावर नेलं. क्लबच्या पायऱ्यांवर माणसं होती. शर्यत सुरू करताना निशाण हलवणारे आजोबाही होते, आता पार थकलेले.  धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “त्या दिवशी माझी ताई ओरडली होती. मी ऐकूनही वळवलं नाही आणि नंतर खोटं बोलले. ताई खरं बोलत होती.”

 आजोबांनी टोपी काढली आणि काठी टेकत ताईपाशी आले. “पोरी, मीही तुलाच खोटं धरलं होतं. माझं चुकलं.”  ताई माझ्या काठावर डोकं ठेवून पोटभर रडली. मी तशीच स्थिर उभी राहिले.

पाण्यात उतरल्यावर मी थोडी गळले, लपवून काय करू! जुनं लाकूड पुन्हा पाणी पिऊन फुगेपर्यंत गळतंच. दोघी मगने पाणी उपसत होत्या, एकमेकींवर उडवत होत्या आणि कुणी जास्त उपसलं यावरून मोठमोठ्याने भांडत होत्या. इतकं गोड भांडण मी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, लाकडी वस्तू उन्हाधुळीत टाकू नका, वर्षाला एक वार्निशचा हात द्या, हे मी सांगायलाच हवं. पण मला फळ्या नव्या मिळाल्या. ताईची अकरा वर्षं कुठल्याच सुताराला नवी करता येणार नाहीत, आणि बाबांना तर आता काही सांगताही येणार नाही. तुमच्यापाशी दुसऱ्याचं काही खरं अडकून पडलं असेल, तर ते आजच नेऊन द्या. तोंडाकडे बघून बोलवत नसेल, तर मध्ये एखादी फळी धरा. पण बोला.