हळद लागलेल्या दोन हार्ड डिस्का

बाळाबाईची गाणी वाचली. दोनशे बाराच्या दोनशे बारा. आता हे आपण वाचलंच नाही असं समजू, कारण शुक्रवारी सकाळी मारुतीरावांना ते माहीत नव्हतं, आणि त्यांना एकट्यालाच घाबरत बसवणं बरं दिसत नाही.

नंदगडजवळच्या त्या गावात बाळाबाई गायल्याशिवाय नवरीला हळद चढत नाही, असा समज होता. गेल्या वर्षी बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. तिची सगळी गाणी मात्र निवृत्त शिक्षक मारुतीरावांनी आधीच रेकॉर्ड करून आपल्या चौदा वर्षांच्या कॉम्प्युटरात भरून ठेवली होती. शनिवारी बाळाबाईच्याच नातीची, सौम्याची, हळद होती. आणि बुधवारपासून आतली हार्ड डिस्क टक् टक् वाजत होती, दारात कुणी आल्यासारखी. मारुतीराव दोनदा दार उघडून बघून आले.

शेवटी त्यांनी बेळगावहून पुतण्याला, साईराजला, बोलावलं. शुक्रवारी ऑफिसला रजा टाकून तो दोन नव्या डिस्का घेऊन आला.

"काका, एकीत गाणी उतरवायची. दुसरीत परत तीच."

"तीच कशाला रं?"

"पहिलीनं दगा दिला तर?"

"आणि दुसरीनं दिला तर?"

"मग आज्जीला म्हणू, हूं, गा आता."

गाण्यांच्या काळजीनं सकाळपासून कोपऱ्यात येऊन बसलेल्या बाळाबाईनं त्याला चप्पल दाखवली. आवाज तेवढा गेला होता, बाकी सगळं जागेवर होतं.

साईराजनं कॅबिनेट उघडलं. आत जुनीशेजारी जागा आणखी एकाच डिस्कची. दुसरीला बाहेर पाट मांडला. वीज पुरवायला एक वायर कमी पडत होती, ती त्यानं सीडीच्या ड्राइव्हची काढून घेतली. तसंही त्यात सात वर्षांपासून एक सीडी अडकली होती आणि कुणी तिची चौकशी केली नव्हती. एवढं करून तो चहाला स्वयंपाकघरात गेला, मागोमाग मारुतीरावही.

बाळाबाई उठली. आपली दोनशे बारा गाणी सांभाळायला दोन पाहुणे आलेत, त्यातला एक तर पाटावर बसलाय, आणि त्यांना हळदकुंकू नाही? या घरात मिक्सरलासुद्धा लागलं होतं. अडचण एवढीच, की डिस्कला कपाळ कुठलं ते कळेना. एका टोकाला सोनेरी दात चमकत होते. सोनं तिथं तोंड, असं ठरवून तिनं दोघांनाही तिथंच ओली हळद लावली. मनापासून, जरा जास्तच.

चहा पिऊन आलेल्या साईराजनं न बघता वायरी जोडल्या, बटण दाबलं. पडद्यावर फक्त जुनी डिस्क. नव्या दोन्ही गायब. टक् टक् वाढली.

"ही थांबली तर संपलं, काका."

मारुतीराव भिंतीला टेकले. "तिनं आपला आवाज माझ्या घरी ठेवायला दिलता रं," ते हळूच म्हणाले. "आता तिला काय सांगू?"

साईराजनं वीज बंद करून वायर उपसली. टोक पिवळं.

"हळद कुणी लावली?"

बाळाबाईनं वर्गात करतात तसा हात वर केला. डोळ्यांत पाणी होतं.

"आसू दे की, आज्जी," साईराज म्हणाला. "नवरीच्या एक दिवस आधी ह्यांनाच हळद लागली, एवढंच."

मारुतीरावांच्या कंपासपेटीतल्या खोडरबरानं त्यानं सोनेरी दात घासले, वायरी बदलल्या. दोन्ही डिस्का दिसल्या. चार वाजता जुनी डिस्क टक् करून कायमची गप्प झाली.

"गेली?" मारुतीराव.

"गेली. पण समदं उतरवून दिलं मग गेली. लई गुणाची."

शनिवारी अंगणात स्पीकरवर बाळाबाई गायली आणि समोर बसलेली बाळाबाई ओठ हलवत राहिली. तिसऱ्या गाण्याला तिनं साईराजच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकड वाजली, स्पीकरपेक्षा मोठ्यानं.

मारुतीरावांनाही पुतण्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडी त्यांना जमेना. म्हणून त्यांनी त्याच्या ऑफिसच्या साहेबाला लिहायला कागद घेतला:

"मा. व्यवस्थापक यांस, विषय : चि. साईराज यांची शुक्रवारची रजा वैद्यकीय धरणेबाबत. महोदय, सदर कर्मचारी आमच्या गावी एका आवाजाच्या शुश्रूषेत होते. रुग्णाची प्रकृती आता दोन ठिकाणी उत्तम आहे. डॉक्टरांचा दाखला नसल्याने गाणे क्रमांक एक सोबत जोडले आहे. तरी ते सर्व कर्मचाऱ्यांनी उभे राहून ऐकावे, साईराजसाठी टाळ्या वाजवाव्यात आणि वाजवल्याची लेखी पोच सही-शिक्क्यानिशी सात दिवसांच्या आत पाठवावी, ही नम्र विनंती."