एका हवाई छत्रीची घडी

मी एक जुनी हवाई छत्री आहे. पावसातली नव्हे, मित्रांनो. विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकाला अलगद जमिनीवर उतरवणारी. आता एका कपाटाच्या वरच्या फळीवर असते. मला फारसं काही वाटेनासं झालं आहे, तरी सांगते.

कारखान्यात मला कापलं, शिवलं, दोऱ्या लावल्या आणि सैन्याच्या एका मोठ्या खोलीत पाठवलं. तिथे लांबच लांब टेबलं होती आणि टेबलापाशी ती होती. बुटकी, केस बारीक कापलेले, तोंडाने फटकळ. तिचं काम एकच, आमच्या घड्या घालायचं. घडी चुकली तर छत्री हवेत उघडत नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. जरा शंका आली की ती सगळी घडी मोडायची आणि जोडीदारणीला म्हणायची, "परत!" ती बिचारी कपाळाला हात लावायची.

त्या खोलीचा एक नियम होता. साहेब केव्हाही येत, फळीवरच्या एका छत्रीकडे बोट दाखवत आणि विचारत, "घडी तुमची ना? मग उडीही तुम्हीच मारा." एकदा ते बोट माझ्याकडे वळलं. विमानाच्या दारात ती घडीची एकेक पायरी पुटपुटत होती. तिच्या पाठीवर असल्यामुळे मला ते ऐकू येत होतं. तिने उडी मारली, मी उघडले आणि आम्ही दोघी एका माळावर उतरलो. स्वतःचं खरचटलेलं कोपर न पाहता तिने आधी मला तपासलं. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

आम्हाला मुदत असते. ती संपली की एकही भोक नसलं तरी आम्ही बाद. माझी मुदत संपली त्याच वर्षी माझी घडी घालणारीही निवृत्त झाली आणि रीतसर परवानगी काढून मला घरी घेऊन आली.

"एवढं कापड!" नवरा म्हणाला. "गाडीला कव्हर शिवू या का?"

"शिव की. मग चालत्या गाडीतून उडी तू मारायचीस."

कव्हरचं नाव पुन्हा निघालं नाही. अधूनमधून ती मला बाहेरच्या खोलीत पसरायची. नवऱ्याने शेंडा धरायचा, मुलीने कड. "आता हिला कोण विमानात नेणार आहे?" तो कुरकुरायचा.

"नसेना का. नुसती ठेवली की घड्या घट्ट बसतात. मग ऐन वेळी उघडत नाही."

मग ती आजारी पडली आणि गेली. मित्रांनो, इथे मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. घरातही कुणाला आलं नाही. नवऱ्याने तिचा गणवेश, बूट, चष्मा कपाटात ठेवला, शेवटी मला आत सरकवलं आणि दार लावलं. त्यानंतर त्या घरात कुकर लागत होता, शाळेचा डबा भरला जात होता, पण तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

बऱ्याच महिन्यांनी मुलीची मावशी आली. कपाट उघडून म्हणाली, "भाऊजी, हे कापड तरी कुणाला देऊन टाकू का? नुसतं पडून आहे."

"न्या," तो म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

मुलगी पुढे आली. "थांब मावशी. आधी उघडायची. आई गेल्यापासून उघडलेलीच नाही."

तिने मला जमिनीवर पसरलं. घड्या खरंच चिकटून बसल्या होत्या. मुलीने कड धरली आणि बापाकडे बघत राहिली. तो उठला आणि त्याने शेंडा हातात घेतला.

"ही इथे गुडघा टेकायची," तो म्हणाला.

त्याने तिथेच गुडघा टेकला. मावशीने मधला भाग धरला. तिघांनी मिळून घडी घातली. अगदीच गबाळी झाली.

मुलीने ती मोडली. "बाबा, परत!"

मावशी रिकाम्या हाताने घरी गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची तरी वस्तू अशी वरच्या फळीवर असेल. नुसती धूळ पुसून भागत नाही. ती खाली काढा, उघडा, घरातल्या सगळ्यांनी धरा. घडी वाकडी झाली तर होऊ दे. परत घाला.