उजव्या बुटातलं बटण

मी उजव्या पायाचा बूट बोलतोय. डावाही शेजारीच पडलाय, पण त्याला काही विचारू नका. त्याच्यावर काही गुदरलंच नाही.

माझा मालक शिंपी. दिवसभर बसून पोट सुटलं आणि साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "रोज पाऊण तास चाला, वजन उतरवा. आणि पाय बधिर झालेत, तेव्हा बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत." चालायचं तेवढं याने मनावर घेतलं, झटकायचं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

चालायला मात्र गडी पक्का! धापा टाकत निघाला की सलूनवाला हटकायचा, "काय मास्तर, कुणी मागे लागलंय का?"

"साखर लागलीये!"

चार महिन्यांत सात किलो उतरले. माझा तळ झिजला, पण मीही खूश होतो. पँट ढगळ झाली तसं याने जुनं बटण कातरलं, दोन इंच आत नवं लावलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, बघ, बटण सरकलं!" त्या आनंदात जुनं कुठे पडलं ते पाहिलंच नाही. पायमशीन अनवाणी चालवायची त्याची सवय, म्हणून मी खालीच होतो. ते पडलं माझ्यात.

सकाळी त्याने तसाच पाय घातला. आता थांबेल, आता काढेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. पठ्ठ्याने उलट एक फेरी जास्त मारली. बटण अंगठ्याखाली रुतत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

"अहो, मोज्याला रक्त कसलं?" बायको घाबरली.

"कुठे काय? मला तर काहीच दुखत नाही."

तिने मला उलटं केलं, तेव्हा ते बटण बाहेर पडलं. पण जखम चिघळली. शेवटी अंगठा काढावा लागला. चालणं थांबलं, पाच किलो परत आले, नवं बटण लागेनासं झालं. तेव्हापासून मी मशीनखाली पडून आहे. फार थकलोय.

आज बायकोने रुंद तोंडाचे नवे बूट आणले. तो घालणार, तेवढ्यात थांबला. दोन्ही उलटे करून आपटले, आत हात घालून अस्तर चाचपावं तसं चाचपलं. मग मलाही उचलून झटकलं. काही पडलं नाही.

"चुकलं रे माझं," तो मला म्हणाला.

मास्तर, मला आता खुशाल टाकून द्या. पण त्या नव्याला रोज असंच झटका. त्यालाही ओरडता येत नाही.