परत आलेल्या तक्रारी

शांती वरळीकर सकाळी पाटी घेऊन दादरच्या मासळीबाजाराला निघाली. लिफ्टचं दार उघडलं, तिने सवयीने पाऊल आत टाकलं, आणि आत लिफ्टच नव्हती. अकराव्या मजल्यावरून ती थेट तळाशी गेली. कोळीवाड्यातलं बैठं घर सोडून वरळीतल्या त्या पुनर्वसनाच्या इमारतीत तिच्या घरची माणसं नुकती कुठे रुळत होती.

त्या लिफ्टची देखभाल परळमधल्या ज्या कंपनीकडे होती, तिथे देविका धुरंधर मेलचा सर्व्हर सांभाळायची. नोकरी तिला कमलाकांत विजयकरांनी लावली होती. ते कंपनीचे डायरेक्टर, आणि ठाकूरद्वारला तिच्या वडिलांचे शेजारी. घरी ती त्यांना काका म्हणायची, ऑफिसात सर.

पोलिसांनी येऊन विचारलं, या लिफ्टची आधी काही तक्रार होती का? देविकाने तक्रारींची मेलपेटी नीट शोधली. वरळीचं काहीच नव्हतं. तसं तिने लिहून दिलं आणि खाली सही केली.

पुढच्याच आठवड्यात शांतीचा मुलगा प्रितेश ऑफिसात आला. तमाशा करेल म्हणून रिसेप्शनवरच्या नम्रताने आधीच वॉचमनला बोलावून ठेवलं होतं. पण तो गुपचूप खुर्चीत बसला आणि त्याने मोबाइल देविकापुढे सरकवला.

“मॅडम, तुमच्या साइटवर तक्रार टाकलेली मी. एकदा नाय, किती वेळा टाकली. हे बघा.”

स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह होतं. खाली ओळ होती : तुमची तक्रार आम्हाला मिळाली आहे.

“काय लिहिलं होतंत?”

“लिफ्ट खालीच असते आणि वर दार उघडतं, असं. फोन पण केला. साइटवर टाका म्हणाले. आई म्हणायची, तू कळवलंयस ना, मग येतील ते.”

तो गेल्यावर देविका सर्व्हरच्या नोंदी चाळायला बसली. साइटवरची तक्रार मेल होऊन, त्या तक्रारी बघणाऱ्या मयूरच्या पत्त्यावर जायची. मयूर नोकरी सोडून गेला, त्याचं खातं बंद झालं, पण साइटमध्ये त्याचा पत्ता तसाच राहिला. म्हणजे मेल निघाले होते, पोचले नव्हते. मग गेले कुठे?

उत्तर तिला ठाऊक होतं. प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याचं नाव दोनदा असतं. एक आत, मजकुराच्या वर, जे आपण वाचतो. दुसरं बाहेर पाकिटावर, जे फक्त सर्व्हर वाचतो. मेल पोचला नाही, तर तो पाकिटावरच्या नावाला परत जातो. या तक्रारींवर आत प्रितेशचं नाव होतं, पण पाकिटावर सर्व्हरच्या स्वतःच्या खात्याचं. त्यामुळे परत आलेला मेल प्रितेशला कधी मिळालाच नाही. तो त्याच सर्व्हरवरच्या एका पेटीत पडत राहिला. त्या पेटीकडे बघायचं काम कुणाचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

तिने ती पेटी उघडली. पेटीत मेल टाकताना सर्व्हर पाकीट फेकून देतो, पण त्यावरचं नाव मेलच्या डोक्यावर एका ओळीत उतरवून ठेवतो. इथे प्रत्येक मेलवर ती ओळ रिकामी होती. परत आलेल्या मेलच्या पाकिटावर मुद्दामच नाव घालत नाहीत, नाहीतर दोन सर्व्हर न पोचलेले मेल एकमेकांना परत पाठवत बसतील. त्या रिकाम्या ओळींच्या खाली मात्र प्रितेशचे शब्द जसेच्या तसे होते. आणि एकट्या प्रितेशचेच नव्हते. लालबाग, गिरगाव, माटुंगा. माटुंग्याच्या एका बाईंनी कालच लिहिलं होतं, दार लिफ्टविनाच उघडतं, घरात लहान मुलं आहेत.

देविका प्रिंट घेऊन कमलाकांतांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

“वर पाठवणाऱ्याचं नावच नाही,” ते म्हणाले.

“परत आलेल्या मेलवर नसतंच, सर. खाली मूळ तक्रार आहे.”

“परत आलेला. म्हणजे आपल्याला मिळालाच नाही. आपण पोलिसांना खोटं काही सांगितलं नाही, देविका.”

“पण साइटवर त्यांना मिळाली म्हणून लिहून येत होतं.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, “जुना कचरा आहे तो. पेटी साफ करून टाक. तुझ्या बाबांनाही विचार, ते हेच सांगतील.”

“माटुंग्याची लिफ्ट आज बंद करायला हवी, काका.”

ऑफिसात तिने त्यांना पहिल्यांदाच काका म्हटलं. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

देविकाने जागेवर येऊन माटुंग्याच्या बाईंना फोन लावला, लिफ्ट लगेच बंद करा म्हणून सांगितलं. मग एकेक करून बाकीच्या इमारतींना. संध्याकाळी सगळ्या पेटीची प्रत घेऊन ती पोलिस चौकीत गेली. दुसऱ्या दिवशी तिला कामावर येऊ नका म्हणून कळवण्यात आलं.

माटुंग्याला कुणाला काही झालं नाही. बाकी व्हायचं ते झालं. अटक झाली ती गंगाधर मेकॅनिकला. त्याच्यापर्यंत तर एकही तक्रार पोचली नव्हती. कमलाकांतांना अटकपूर्व जामीन मिळाला. त्यांच्या वकिलाने कोर्टात देविकाने सही केलेला पहिला जबाब दाखवला आणि विचारलं, या बाईंचं कुठलं म्हणणं खरं धरायचं? तारखा पडत राहिल्या. ठाकूरद्वारला तिच्या वडिलांनी शेजाऱ्यांच्या दारावरून जायचं सोडलं आणि तिच्याशी बोलणंही कमी केलं.

एका रविवारी ती वरळीला प्रितेशच्या घरी गेली. लिफ्टला पोलिसांचं सील होतं, ती जिन्याने चढली. प्रितेशने दार अर्धवट उघडलं. दारातच उभं राहून तिने त्याला सगळं सांगितलं, पाकिटावरचं नाव, मयूरचं बंद खातं, ती पेटी.

“म्हणजे कोणी वाचलंच नाय?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मला वाटायचं वाचून गप्प बसलेत. निदान शिव्या घालायला कोणतरी होतं.”

त्या पेटीकडे मी बघायला हवं होतं, एवढं ती म्हणाली. आतून त्याच्या वडिलांचा, चंदूचा आवाज आला. बायको गेल्यापासून ते जिना उतरले नव्हते.

“कोन आयलाय?”

“कंपनीतल्या बाई, बाबा.”

“काय म्हणतान?”

प्रितेशने देविकाकडे पाहिलं, मग मान आत वळवली. “आपली तक्रार वाचलेली, म्हणतायत.”



“मंग का नाय आले?” चंदूने विचारलं.

प्रितेशने दार हळूच ओढून घेतलं.