वर्षाराणीचं मत

आमच्या ग्रुपमध्ये मतं हात वर करून मोजतात. वर्षाराणीला हात वर करता येत नाही, म्हणून ती मत टाइप करते आणि आम्ही ते प्रोजेक्टरवर वाचतो. त्या रविवारी तिचं पान कोरंच राहिलं. आणि त्याला कारण मी होते.

आधी ग्रुपबद्दल सांगते. शाळांच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालेल अशी मराठी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, आम्ही पंधराजण मिळून बनवतो. नाव रंकाळा, आणि अगदी फुकट! सगळ्यात मोठे हुपरीचे सोमशेखर अण्णा. दिवसा घरच्या कारखान्यात पैंजणं, संध्याकाळी कोड. सगळ्यात लहान आम्ही दोघी, दहावीतल्या. मी रक्षिता आणि कसबा बावड्याची वर्षाराणी. जन्मापासून तिच्या हातापायांवर ताबा नाही, आणि तिचं बोलणं फक्त तिच्या आईला आणि मला कळतं. पण तिच्या हनुवटीखाली एक लाल बटण असतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात अक्षरं एकेक करून उजळतात. हवं ते अक्षर आलं की टक्! अण्णांनी खास तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम तो. गृहपाठ, सहामाहीचे पेपर, माझ्याशी भांडणं, सगळं त्याच्यावरच.

तर वाद होता एक्स-इलेव्हन आणि वेलँडचा. स्क्रीनवर खिडक्या, बाण, अक्षरं मांडून दाखवायचं काम करणारी ही दोन सॉफ्टवेअर. एक्स जुनं, माझ्या आईच्या वयाचं. वेलँड नवं. यावरून जगभर लोक भांडतात, मग आम्ही का मागे राहू? अण्णा एक्सवाले. इंजिनिअरिंगचा आदर्शदादा वेलँडवाला, आणि मी त्याच्याहून कडक. रंकाळ्याच्या पुढच्या आवृत्तीतून एक्स कायमचं काढून टाकायचं, हा प्रस्तावच माझा होता.

"चालतंय की ते, पोरी. कशाला हात लावायचा?" अण्णा म्हणाले.

"चालतंय म्हणून दार उघडं टाकून झोपायचं व्हय, अण्णा?"

राजारामपुरीतल्या प्रेसच्या वरचा आमचा बैठकीचा हॉल हसला आणि मी आणखी पेटले. आमच्यात एक रीत आहे, नुसतं बोलायचं नाही, चालवून दाखवायचं. मी मशीन एक्सवर सुरू केलं आणि अण्णांना त्यांचा मेल उघडायला सांगितला. ते पासवर्ड टाकत होते आणि कोपऱ्यातल्या माझ्या छोट्या खिडकीत त्याचं एकेक अक्षर सगळ्यांसमोर उमटत होतं.

"नाद खुळा!" मागून कोणीतरी ओरडलं.

मग मशीन वेलँडवर. तोच खेळ, पण माझी खिडकी कोरी. "बघा! एक्समध्ये कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीतलं चोरून ऐकतो, वर तिथं लिहितो पण. वेलँडमध्ये मधे भिंत हाय!"

टाळ्या. काय सांगू, जमिनीवर नव्हतेच मी.

चोरून ऐकणारा तो तुकडा मी वर्षाराणीच्या प्रोग्रॅममधून उचलला होता. तिचं बटण कुठल्याही खिडकीत चालावं म्हणून तो त्यात होता. चार दिवसांपूर्वी तिला म्हणाले होते, "बघायला दे की जरा." तिने दिला. कशाला हवाय ते मी बोलले नाही, कारण मला तिलाही चकित करायचं होतं. तो प्रोग्रॅम वेलँडवर चालतो का, तेही मी घरी बघितलं होतं. उघडला, म्हणजे झालंच की!

हात मोजले. बाजूने सात, विरुद्ध सात. राहिली वर्षाराणी.

मशीन वेलँडवरच होतं. तिच्या आईने बटण जोडून दिलं, पडद्यावर कोरं पान उघडलं. टक्. कोपऱ्यात अक्षरं उजळत होती. टक्. टक्. पान कोरं.

"विचार करतीय," आदर्शदादा म्हणाला.

टक्. टक्. टक्. तिच्या कपाळावर घाम आला.

"तटस्थ धरूया की. बारा वाजलं," कोणीतरी म्हणालं.

तटस्थ म्हणजे बरोबरी. आणि बरोबरी झाली तर प्रस्ताव मांडणाऱ्याचं मत दोनदा धरायचं, हा आमचा नियम. म्हणजे मी नुसती गप्प बसले तरी जिंकणार होते.

वर्षाराणीच्या तोंडून एक शब्द निघाला. लोकांना तो नुसता आवाज वाटला. मला कळला.

"भिंत."

घरी मी तिचा प्रोग्रॅम उघडून अक्षर काढलं होतं ते त्याच्याच खिडकीत. दुसऱ्या खिडकीत पोचतं का, ते बघितलंच नव्हतं. एक्समधलं जे भोक दाखवून मी टाळ्या घेतल्या, तिची अक्षरं त्याच भोकातून बाहेर येत होती.

अण्णा पडद्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"मग, तटस्थ?" आदर्शदादाने खडू उचलला.

"थांबा!" मी ओरडले. "मत देतीय ती. पोचत न्हाय. मी घालवलंय ते."

मी मशीन परत एक्सवर घेतलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. मग टक्. पडद्यावर 'र' उमटला. अक्षराला अक्षर लागत गेलं.

रक्षे, प्रोग्रॅम मागून नेलास. कशाला ते सांगितलं न्हाईस.

सगळ्यांनी वाचलं. मी पण वाचलं. मग खाली एकच शब्द आला.

विरुद्ध.

सात विरुद्ध आठ.

"तुम्हाला ठावं होतं," मी अण्णांना म्हणाले.

"व्हय. मी बोललो असतो तर म्हातारा आडवा येतोय म्हणाली असतीस."

म्हणालेच असते.

"आणि भोकाचं काय?" आदर्शदादा चिडला होता. "ते तसंच ठेवायचं? उद्या एखाद्या शाळेत कोणी पासवर्ड चोरला म्हणजे?"

"न्हाय ठेवायचं," अण्णा म्हणाले. "वेलँडमध्ये परवानगी घेऊन दुसरीकडं लिहायचा रस्ता हाय, लांबचा हाय एवढंच. तिचा प्रोग्रॅम मी नव्यानं लिहितो. तिचं बटण तिकडं चाललं की मग परत मत घ्या."

"किती दिवस?"

"म्हाईत न्हाय."

कामांच्या फळ्यावर तिच्या नव्या प्रोग्रॅमपुढं अण्णांसोबत माझं नाव लिहायला गेले. चकित करून सोडणारी मी, आणि खडू दोनदा मोडला! मागे टक् टक् चालूच होतं. ती चिडली असेल, की तिनं माफ केलं असेल? वळून बघायचा धीर होईना. शेवटी पडद्याकडे बघितलं.

ह्या वेळी तपासणार मी. तू न्हाईस.